तळेगावचे घर आणि बाबासाहेबांचा पाणीविचार

तळेगाव दाभाडे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निवासस्थानाला वंदन करायला येणाऱ्या प्रत्येकाला महाडचे चवदार तळे आठवते. शेतीच्या पाण्यासाठी त्यांनी केलेले काम मात्र क्वचितच सांगितले जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. भांडवल आणि साधनांची टंचाई हे शेतकऱ्याचे खरे दुखणे, असे त्यांनी दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्याचा हक्क बजावला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या पुराचे पाणी अडवून ते सिंचन, वीज व जलवाहतुकीसाठी वापरण्याचे धोरण त्यांनी पुढे नेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी तळेगावजवळच्या देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज मावळात लोणावळ्याकडे धो धो पाऊस पडतो, तळेगावकडे तो कमी होतो. हवामान बदलले, पावसाचे खंड वाढले. भात निसवताना पावसाने ओढ दिली, तर एखादे संरक्षित पाणीही पीक वाचवते. त्यासाठी शेततळे आधीच भरलेले हवे. ते पाणी अल्पभूधारकाच्या शेतापर्यंत पोहोचते का, हे ग्रामसभेत विचारणे हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन.

जय भीम!