बाबूराव पेंटर कोल्हापुरातच राहिले

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याची यादी आणि माहेरची पत्रे यापलीकडे हातून फारसे लेखन झालेले नाही. पण मग मनात एक स्वार्थ आला व मी होकार दिला. तो स्वार्थ आधी सांगून टाकते, म्हणजे भगिनींना मी हेच चरित्र का निवडले ते कळेल.

उद्यमनगरात आमच्या ह्यांचा व त्यांच्या भागीदारांचा मिळून एक छोटा कारखाना आहे. दोन लेथ, एक ड्रिल, चार माणसे. माल जातो पुण्याकडे, चाकण-भोसरीला. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर हमरस्त्यावर आला, आठवडाभर वाहतूक बंद राहिली आणि आमचा तयार माल दारातच पडून राहिला, तेव्हापासून भागीदारांच्या मनाने घेतले की कारखाना भोसरीलाच हलवावा. आता तिकडे शेड पाहून झाली आहे. भाऊजी (मी त्यांना भाऊजीच म्हणते) जाणार हे ठरल्यासारखेच आहे. आम्ही जायचे की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे. मी म्हणते, राहावे. हे काही बोलत नाहीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातून उठत नाहीत. अशा वेळी मला वाटले, बाबूराव पेंटरांचे चरित्र लिहावे व ते ह्यांना वाचून दाखवावे. भागीदार गाव सोडून गेले तरी जो माणूस गावातच राहिला, त्याच्याइतका चांगला साक्षीदार मला दुसरा कोण मिळणार होता?

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापुरातला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव लाकूड, लोखंड, मूर्ती, ज्याला हात लावतील ते घडवीत. बाबूराव चित्रकला शिकायला कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. जे आले ते घरात पाहून आणि स्वतः करून आले. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हेही तसेच. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्याचे काम धरले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे त्यांनीच रंगविले. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे काही हुबेहूब उभे करीत की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो पाहून या दोघा भावांना वेड लागले. वेडच म्हटले पाहिजे, कारण चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, तो परदेशातून येणार, आणि यांच्याजवळ एवढा पैसा कुठला? तेव्हा कॅमेरा आपणच करायचा असे त्यांनी ठरविले. मुंबईहून एक प्रोजेक्टर मिळवला, तो खोलून चाके, दाते, फिरकी कशी चालते ते पाहिले आणि त्यावरून उलट्या बाजूने विचार करीत गेले. काम अर्ध्यावर असताना 1916 साली आनंदराव वारले. पाठच्या भावासारखा भाऊ गेल्यावर दुसरा कोणी पडदे रंगविण्याकडे परत वळला असता. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरले. हे विष्णुपंत दामले, यंत्राचे मोठे जाणकार. दोघांनी सुटे भाग घडवून 1918 च्या सुमारास कॅमेरा चालता केला. ज्यांच्या घरी लेथवर काम चालते त्या भगिनींना याचे मोल मी वेगळे सांगायला नको. सुताएवढे अंतर चुकले तरी दाता अडकतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली तिला शाहू महाराजांचा आश्रय होता, हे सगळे सांगतात. पण भांडवल पुढे केले ते तानीबाई कागलकर या गायिकेने, हे फार कमी वेळा सांगितले जाते. गाण्यावर पोट असणाऱ्या बाईने घामाचा पैसा अशा कामात घातला, जे काम चालेल की बुडेल हे त्या वेळी ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आपल्या भिशीत हजार रुपये गुंतवताना आपण किती वेळा विचार करतो!

कंपनीचा पहिला मोठा चित्रपट सैरंध्री. तो 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीमाने कीचकाला मारल्याचा देखावा इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले आणि पुढे तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी म्हणून गौरविले. या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कामे केली. त्या काळी पडद्यावर स्त्रीची भूमिका बहुधा पुरुषच करीत, कारण चित्रपटात जाणारी बाई समाजाला चालत नसे. या दोघींना लोकांनी दूर लोटले, असे वाचले. पडद्यावर त्यांची नावेही बदलली, कमलादेवी आणि सुशीलादेवी. बाबूरावांवर ग्रंथ झाले, पण या दोघींसाठी दोन ओळींपुढे कोणी लिहीत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम चार लिहिल्या.

पुढची काही वर्षे कंपनीच्या भरभराटीची. 1923 च्या सिंहगड चित्रपटात रात्रीचे देखावे दिव्यांच्या उजेडात घेतले, ते आपल्याकडे नवीन होते. देखावे, पोशाख, जाहिरातीची चित्रे, सगळ्यावर बाबूरावांचा हात फिरे. 1924 च्या कल्याण खजिना चित्रपटाचे त्यांचे जाहिरातचित्र आजही टिकून आहे. 1925 साली त्यांनी सावकारी पाश काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो बिचारा गाव सोडून शहरात गिरणीकामाला जातो. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या दिवसांत हे असे काढणे म्हणजे मोठेच धाडस. ते फारसे चालले नाही. त्यात गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याचे काम केले होते शांताराम वणकुद्रे या तरुणाने. हेच पुढचे व्ही. शांताराम. तेही कोल्हापूरचेच, 1920 पासून कंपनीत होते आणि पडेल ते काम करून शिकले होते.

आता मी ज्या जागेसाठी हे सगळे लिहायला घेतले, ती जागा आली. 1929 साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूरावांना सोडून गेले. सीताराम कुलकर्णी यांनी पैशाची बाजू घेतली आणि पाचांनी मिळून 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांच्या बरोबर बसून कॅमेऱ्याचा एकेक दाता घासला, तेही गेले. बाबूरावांच्या मनाला काय वाटले असेल ते ज्याचा भागीदार निघाला आहे त्यालाच कळेल. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार दिवस टिकली नाही. प्रभातने मात्र 1932 साली अयोध्येचा राजा हा मराठीतला पहिला बोलपट काढला, तोही आपल्या कोल्हापुरात, दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या. आणि लगेच पुढल्या साली, 1933 मध्ये, प्रभातने कोल्हापूर सोडले व पुण्याला बिऱ्हाड केले.

मुंबई तिथून जवळ. चित्रपटाला लागणारा माल, वितरक, नट, पैसा, सगळे मुंबईकडून येणार. बोलपट निघाल्यावर ही निकड आणखी वाढली. हिशेबाने पाहता त्यांचे चुकले म्हणता येत नाही, आणि हे लिहिताना मला जड जाते. कारण पुण्याला गेल्यावरच त्यांनी संत तुकाराम काढला, 1936 साली, आणि त्याला 1937 मध्ये इटलीत व्हेनिसला मान मिळाला. पाच जणांचा कारखाना हलला म्हणजे त्यांच्या चुलीही हलल्या. त्या घरांतल्या बायकांनी भांडी पोत्यात भरली, तुळशीची कुंडी कुणाकडे तरी दिली आणि गाडीत बसल्या, हे चित्र हल्ली मला रात्री दिसते.

बाबूराव राहिले. पण हात जोडून बसले नाहीत. कोल्हापुरातच शालिनी सिनेटोन निघाली होती, तिच्यासाठी त्यांनी 1935 साली उषा काढला. 1936 साली सावकारी पाशच पुन्हा घेतला, या वेळी बोलता. एकदा न चाललेली गोष्ट अकरा वर्षांनी परत करून पाहणारा माणूस हट्टी असला पाहिजे. 1937 साली प्रतिभा झाला. मधल्या काळात चित्रे आणि पुतळे चालूच होते. आपण रोज ज्या शिवाजी चौकातून भाजी घेऊन येतो, तिथला महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. आधी त्या जागी विल्सन या गोऱ्या गव्हर्नराचा पुतळा होता. 1942 च्या चळवळीत तो विद्रूप केला गेला, त्यात आपल्या गावच्या बायकाही होत्या. पुढे तो गेलाच, आणि 1945 साली शिवरायांचा पुतळा बसला. बाबूराव पुण्यामुंबईला गेले असते तर हा पुतळा कोणी केला असता?

हे मी ह्यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवले. मला वाटले, जिंकले. पण चरित्र म्हटले की पुढचेही लिहावे लागते.

कोल्हापुरातला चित्रपटाचा धंदा त्यानंतर ओसरतच गेला. मास्टर विनायकांची कंपनी 1945 साली मुंबईला गेली आणि तिच्याबरोबर लता मंगेशकरही गेल्या. तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. भालजी पेंढारकर इथेच ठाम राहिले, त्यांचा जयप्रभा स्टुडिओ 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत जळाला, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला. बाबूरावांना मोठा चित्रपट मिळाला तो लोकशाहीर रामजोशी, 1947 चा, आणि तो कोणाचा? शांतारामांच्या राजकमलचा, मुंबईचा. ज्यांना हात धरून शिकवले त्यांच्या दारी गुरूला कामाला जावे लागले, असे एक मन म्हणते. शिष्याने गुरूची आठवण ठेवून मानाने बोलावले, असे दुसरे म्हणते. मला दोन्ही खरे वाटते. शेवटी शेवटी विश्वामित्र आणि महाजन असे आणखी दोन चित्रपट झाले, पण सैरंध्रीच्या दिवसांचे ते तेज आले नाही. 16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तिथे दरवर्षी 3 जूनला हार घालतात.

आणि पुण्याला गेलेल्यांचे? शांतारामांनी 1942 साली प्रभात सोडली आणि ते मुंबईला गेले. दामले 1945 साली वारले. प्रभातही पुढे मोडली, आणि त्या जागेत 1960 पासून सरकारची चित्रपट शिकविण्याची संस्था आहे. म्हणजे गेले तेही पुरते टिकले नाहीत. पण संत तुकाराम राहिला.

माझ्या साक्षीदाराने माझी बाजू पुरती मांडली नाही, हे मला वाचताना आमच्या ह्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळले. सबंध वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, सैरंध्री तयार झाला कोल्हापुरात, मग तो पहिल्यांदा पुण्यात का लावला? मी म्हटले, तिथे पाहणारे जास्त म्हणून. ते म्हणाले की मग बाबूरावांनीही माल तिकडेच धाडला होता, स्वतः तेवढे इथे राहिले. त्यानंतर त्यांनी मी साले टिपून ठेवलेला कागद घेतला, उलटा केला आणि त्यावर ट्रकच्या भाड्याचा हिशेब मांडला. महिन्याला किती फेऱ्या, पुराचे दिवस धरून किती नुकसान, आणि शेडचे भाडे वाचले तर किती उरेल. बराच वेळ मांडत होते. अजून आकडे जुळलेले नाहीत. भाऊजींना पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचे आहे.

कागदाकडे पाहत आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या आणि भोसरीत नळाला पाणी सकाळी येते की संध्याकाळी, असे त्यांनी विचारले.