उसाचा भाव कोण ठरवणार? धनंजयराव गाडगीळांची गोष्ट

पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटचं पूर्ण नाव कधी नीट वाचलंय? गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स. पॉलिटिक्स आधी, इकॉनॉमिक्स नंतर. आपल्यातले इकॉनॉमिक्स स्पेशलवाले मात्र राज्यशास्त्राकडे कलमं पाठ करायचा विषय म्हणून बघतात. मागणी-पुरवठ्याचे आलेख जमले की झालं, असा एकूण मामला. या संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचं आयुष्य बघितलं की हा समज टिकत नाही. आणि त्या आयुष्यातलं सगळ्यात रंगतदार प्रकरण घडलं आपल्या नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी.

गाडगीळांचा जन्म 1901 चा, नाशिकचा. शिक्षण नागपूर आणि मग केंब्रिज. भारतात उद्योग कसे वाढले यावरचा त्यांचा प्रबंध 1924 मध्ये पुस्तक म्हणून आला, म्हणजे लेखकाचं वय फक्त तेवीस. (माझ्या वयाला एक वर्ष मिळवलं की तेवढं होतं, असो.) सुरतेला काही वर्षं प्राचार्य म्हणून काढल्यावर 1930 मध्ये ते गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि 1966 पर्यंत राहिले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राला ग्रंथालयातून बाहेर काढलं. पुण्याच्या बाजारात फळं कशी विकली जातात, वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च कसा असतो, हे त्यांच्या संस्थेने प्रत्यक्ष फिरून मोजलं.

आता लोणीकडे येऊ. प्रवरेचे कालवे आले, 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि कोरडवाहू भागात ऊस उभा राहिला. पण पाटपाण्याबरोबर सुख आलंच असं नाही. गुळाचा भाव पडला की गुऱ्हाळ तोट्यात आणि शेतकरी सावकाराच्या दारात. जिल्ह्यात खासगी साखर कारखाने होते. काही ठिकाणी तर शेतकऱ्याची जमीन कंपनीकडे खंडाने गेली आणि मालकच त्या जमिनीवर मजुरीला जाऊ लागला.

इथे आलेख काय सांगेल? भाव पडलाय, ऊस कमी लावा. गणित चुकीचं नाही. पण कारखाना कोणाच्या मालकीचा, पाण्याची पाळी कोण ठरवतं, परवाना आणि कर्ज कोणाला मिळतं, हे प्रश्न त्या आलेखात बसत नाहीत. निर्णय कोणाच्या हातात आहे, तो त्याला कोणी दिला आणि बाकीचे तो का मानतात, राज्यशास्त्राची सुरुवात इथून होते. संविधानाची कलमं त्यानंतर येतात.

1945 मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना काढायच्या विचाराने तिथून जोर धरला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करू लागले. विठ्ठलरावांचं शालेय शिक्षण अगदी थोडं, गाडगीळ केंब्रिजचे. पण कामाची वाटणी फिट्ट बसली. गावाचा विश्वास विठ्ठलरावांकडे होता, सरकारी कचेरीत आणि कर्ज देणाऱ्यांसमोर गाडगीळांचा शब्द चालायचा. मुंबई राज्यात तेव्हा अर्थ आणि सहकार ही दोन्ही खाती सांभाळणारे वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. 1950-51 ला महाराष्ट्रातल्या या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विठ्ठलराव.

सहकारी म्हणजे नेमकं काय वेगळं? कंपनीत जितके शेअर तितकी मतं, म्हणजे मत रुपयाला असतं. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस दोन एकर असो की वीस. ऊस घालणाराच संचालक निवडणार आणि भावाबद्दल त्या संचालकाला जाबही विचारणार. प्रतिनिधित्व, उत्तरदायित्व वगैरे जे शब्द गाईडमध्ये जड वाटतात, ते इथे वजनकाट्यावर भेटतात.

अर्थात जिथे मत आहे तिथे पॅनेल आलं, जेवणावळी आल्या. कारखान्याच्या खुर्चीतून विधानसभेची वाट निघते, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. माझ्या मते, एक सभासद एक मत हा नियम नुसता कागदावर असून भागत नाही. दोन एकरवाल्याला सर्वसाधारण सभेत उठून बोलता येतं का, हे बघावं लागतं.

गाडगीळांचा पुढचा मोठा प्रश्नही असाच होता, फक्त सभासदांच्या जागी राज्यं होती. संघराज्य हा विषय त्यांच्या जुन्या अभ्यासातला. ‘द फेडरल प्रॉब्लेम इन इंडिया’ हे त्यांचं पुस्तक 1947 चं. 1967 मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर केंद्राची मदत राज्यांना योजनेगणिक मिळायची आणि त्यात दिल्लीच्या मर्जीला भरपूर जागा होती. चौथ्या योजनेसाठी 1969 मध्ये ‘गाडगीळ सूत्र’ आलं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या मदतीतली 60 टक्के लोकसंख्येवर, 10 टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, 10 टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, 10 टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना आणि 10 टक्के खास अडचणींसाठी.

60 टक्के डोकी मोजून! लोणीच्या सभासद यादीचीच आठवण येते. गरीब राज्यांसाठी फक्त 10 टक्के का, अशी टीका झाली आणि मला ती पटते. पण राष्ट्रीय विकास परिषदेत सगळ्या मुख्यमंत्र्यांना एका कागदावर आणायचं होतं. त्यातून निघालेली ही तडजोड होती.

गाडगीळ 3 मे 1971 ला गेले, आयोगातलं पद नुकतंच सुटलं होतं. त्यांच्या सूत्रात नंतर बदल झाले, त्याला मुखर्जींचं नाव जोडलं गेलं, पण ते दशकानुदशकं चाललं. 2015 मध्ये योजना आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि राज्यांना पैसे वाटायचं काम काही त्याच्याकडे आलं नाही. आता कोणत्या राज्याला किती, यावरची भांडणं वित्त आयोगासमोर होतात आणि त्यात लोकसंख्येला किती वजन द्यायचं हा मुद्दा दर वेळी असतोच.