डॉ. एल्सी इंग्लिस

युद्ध म्हटले की डोळ्यांपुढे रणांगण आणि सेनापती उभे राहतात. जखमी शिपायाला खाट, उकळलेले पाणी व स्वच्छ अंथरूण कोण पुरविते, याचा विचार क्वचितच होतो. हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्या डॉ. एल्सी इंग्लिस यांचा जन्म १८६४ साली आपल्याच देशात, नैनितालला झाला. वडील येथे सरकारी नोकरीत होते. मुलींनीही मुलांप्रमाणे शिकावे, असे त्यांचे मत होते. एल्सीबाई १८९२ साली स्कॉटलंडमध्ये डॉक्टर झाल्या. एडिंबरा शहरात त्यांनी गरीब स्त्रियांसाठी प्रसूतिगृह काढले आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. स्त्री डॉक्टर व परिचारिकांची रुग्णालये उभारून देण्याची तयारी त्यांनी ब्रिटिश युद्धखात्याला कळविली. घरी जाऊन स्वस्थ बसावे, असा सल्ला त्यांना मिळाला. बाई घरी गेल्या खऱ्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत! स्वतःचे १०० पौंड घालून त्यांनी निधी सुरू केला. मताधिकार चळवळीतील भगिनींनी वर्गणी जमविली. फ्रान्स आणि सर्बिया या मित्रराष्ट्रांनी ही मदत आनंदाने स्वीकारली. फ्रान्समध्ये रॉयोमाँ येथील जुन्या मठात पहिले मोठे रुग्णालय थाटले गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच होत्या.

सर्बियात १९१५ साली टायफस तापाने थैमान घातले होते. हा ताप कपड्यांतील उवांमुळे पसरतो. त्यामुळे औषधाइतकेच महत्त्व रोग्यांना न्हाऊ घालण्याला, कपडे निर्जंतुक करण्याला व जागा स्वच्छ ठेवण्याला होते. या सेवेत काही परिचारिकांना प्राणही गमवावे लागले. त्याच वर्षी एल्सीबाई तेथे गेल्या. शरद ऋतूत शत्रूसैन्य चालून आले, तरी रोग्यांना सोडून त्या हलल्या नाहीत आणि कैदेत पडल्या. १९१६ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. सर्बियाने ‘श्वेत गरुड’ हा मोठा सन्मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्याच वर्षी सर्बियन सैनिकांच्या शुश्रूषेसाठी त्या रशिया-रुमानियाच्या आघाडीवर गेल्या. कर्करोगाने शरीर पोखरले होते, तरी काम थांबले नाही. १९१७ च्या नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, त्यांची प्राणज्योत मालवली.

वर्गणी, धुलाई, स्वयंपाक, खाटांची मांडणी, ही कामे आपल्याला साधी वाटतात. भगिनींनो, ती चोख झाली म्हणूनच हजारो जीव वाचले, हे या चरित्रातून शिकावे.