कॅथलीन लॉन्स्डेल : अणूंची मांडणी वाचणारी बाई

पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि अंगठीतला हिरा, दोन्ही कार्बनच. हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. पण एक बोटाला काळे लावते आणि दुसरा काच कापतो, हे कसे? याचे उत्तर अणू एकमेकांना कसे धरून बसले आहेत यात आहे. ही मांडणी उलगडणाऱ्या कॅथलीन लॉन्स्डेल यांची ओळख आम्ही या वेळी सभासदांना करून देत आहोत.

कॅथलीन यांचा जन्म २८ जानेवारी १९०३ रोजी आयर्लंडमधील न्यूब्रिज येथे झाला. दहा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील पोस्टमास्तर, घरची परिस्थिती ओढगस्तीची. १९०८ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. मुलींच्या शाळेत विज्ञानाची पुरेशी सोय नव्हती, म्हणून कॅथलीन त्या तासांना मुलांच्या शाळेत जात. १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या बीएस्सीत त्या पहिल्या आल्या आणि विल्यम हेन्री ब्रॅग यांनी त्यांना क्ष-किरणांनी स्फटिक तपासणाऱ्या आपल्या गटात घेतले.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी १.५४ अँगस्ट्रॉम अंतरावर घट्ट बांधलेला असतो. चारही बाजूंनी जखडलेली ही जाळी म्हणूनच इतकी कठीण. ग्रॅफाइटमध्ये शेजारी तीनच, अंतर १.४२ अँगस्ट्रॉम, आणि सगळे एका सपाट थरात. चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते. दोन थरांत मात्र ३.३५ अँगस्ट्रॉमचे अंतर आणि क्षीण ओढ, म्हणून थर सहज घसरतात आणि कागदावर उमटतात.

मग सहा कार्बनांचे बेंझिनचे कडे कोणासारखे? हिऱ्यातल्यासारखे वर-खाली मुडपलेले, की ग्रॅफाइटसारखे सपाट? रसायनशास्त्रज्ञ साठ वर्षे याचा विचार करत होते. १९२७ मध्ये थॉमस लॉन्स्डेल यांच्याशी लग्न होऊन कॅथलीन लीड्सला गेल्या. तेथे इन्गोल्ड यांनी दिलेल्या हेक्झामिथिलबेंझिनच्या स्फटिकांवरून १९२९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की कडे सपाट आहे आणि त्यातील अणूंचे अंतर ग्रॅफाइटशी जुळते. दोन वर्षांनी हेक्झाक्लोरोबेंझिनची रचना त्यांनी सोडवली. लांबलचक आकडेमोड हातानेच करायची होती, आणि ती त्यांनी मुले सांभाळून घरी बसून केली. पुढे चुंबकीय गुणांच्या मोजणीतून, बेंझिनचे काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न थांबता साऱ्या कड्याभर फिरतात, या कल्पनेला त्यांनी बळ दिले.

त्यांना तीन मुले झाली. काम सुटेल असे वाटत असताना ब्रॅग यांनी घरकामाला मदतनीस ठेवण्यापुरत्या पैशांची व्यवस्था केली आणि त्या प्रयोगशाळेत परतल्या. आम्हाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण अशी मदत वेळेवर न मिळाल्याने किती जणींचे शिक्षण चूलबोळक्यात विरले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

त्या क्वेकर पंथाच्या होत्या आणि युद्धाला त्यांचा विरोध होता. युद्धकाळात नागरी संरक्षणासाठी सक्तीची नोंदणी आली. लहान मुले असल्याने प्रत्यक्ष कामातून त्यांना सूट मिळाली असती, तरी नोंदणीच त्यांनी नाकारली. दोन पौंडांचा दंडही भरला नाही. १९४३ मध्ये त्यांनी हॉलोवे तुरुंगात महिनाभर शिक्षा भोगली आणि पुढे तुरुंग सुधारणेच्या कामातही लक्ष घातले.

दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले. मार्जोरी स्टीफन्सन यांच्यासोबत त्या दोघींपैकी एक कॅथलीन होत्या. १९४९ मध्ये त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाल्या. १ एप्रिल १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याआधी चार वर्षे, १९६७ मध्ये, अमेरिकेतील एका उल्केत हिऱ्याचे वेगळे रूप सापडले होते. प्रत्येक कार्बनला चारच शेजारी, पण थर रचण्याची रीत निराळी, षट्कोनी. त्या खनिजाला लॉन्स्डेलाइट असे नाव मिळाले. अणू तेच, मांडणी बदलली की पदार्थ बदलतो, हे समजावण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंसाठी याहून शोभणारे स्मारक आम्हाला सुचत नाही.