फसण्याची तयारी

जेरी गार्सियाचे वादन ऐकताना मला नेहमी आपले ख्यालगायक आठवतात. बंदिश तीच, मैफल मात्र रोज नवी!

१९४२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या गिटारवादकाचे उजव्या हाताचे मधले बोट चार वर्षांचा असतानाच तुटले. १९४७ साली वडील नदीत बुडाले. पुढे १९६५ मध्ये त्याने मित्रांसह बँड उभारला, तोच ‘ग्रेटफुल डेड’. मंचावर गाणे कुठवर जाईल, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसे. १९६८ साली तबकडीवर तीन मिनिटांतही न भरणारे ‘डार्क स्टार’ २७ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री, फिलमोर वेस्ट सभागृहात २३ मिनिटे रंगले. त्याच वर्षी वुडस्टॉकला मात्र त्यांची मैफल साफ पडली. तरी सुरक्षित वाट त्यांनी धरली नाही.

श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करण्याचीही मुभा होती. आम्हा बँकवाल्यांच्या हिशेबी हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण हातोहात फिरलेल्या त्या कॅसेटींनीच श्रोते जोडले.

व्यसनांनी शरीर पोखरले होते. १९९५ मध्ये, ५३ व्या वर्षी तो गेला. १९९६ साली त्याच्या काही अस्थी हृषीकेशला गंगेत सोडल्या गेल्या. फसण्याची तयारी ठेवून वाजवणारी अशी माणसे विरळाच.