खाँसाहेब ऐकायचे तर मिरजेला

फ्लॅमेन्को गिटारचं वेड असलेले एक-दोघं तुमच्या ग्रुपमध्येही असतीलच. त्यांच्या मोबाइलवर एखादी मैफल बघाल, तेव्हा वादकाच्या बोटांवरून नजर जरा हलवा आणि बाजूला बसलेल्यांकडे बघा. टाळी नेमक्या जागी पडते, ओले निघतं. आपल्याकडे त्या जागी क्या बात है येतं. समोर दर्दी बसले असले की कलाकार वेगळाच खुलतो. हे अनुभवायला स्पेन गाठायची गरज नाही. खंडाळ्यात राहत असाल, तर लोणंदला जा, मिरजेकडची गाडी पकडा. ज्या माणसासाठी मिरजेला दर्दी जमतात, त्याची गोष्ट तोवर ऐका.

अब्दुल करीम खाँ जन्मले १८७२ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी. किराणा घराणं हे नाव त्या गावावरून पडलं, वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही! घरात गाणं, सारंगी, बीन. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायला लागले आणि तिथल्या सरदार माने यांच्या मुलीच्या, ताराबाईंच्या, प्रेमात पडले. धर्म वेगळा, घरं वेगळ्या दर्जाची. दोघांनी सरळ बडोदा सोडलं. हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, बरं का. पुढे मिरजेत संसार थाटला. मिरज म्हणजे सतारी-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचं गाव, आणि खाँसाहेबांचा सगळा जीव सुरात. तंबोरा चोख लागला की निम्मी मैफल तिथेच झाली, असं ते गाणं. दक्षिणेत फिरून त्यांनी कर्नाटक संगीतातलंही बरंच उचललं. त्यागराजांची रचना त्यांनी रेकॉर्डसुद्धा केली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. (पुणे-मिरज गाडी तेव्हाही लोणंदवरूनच जायची.) त्यांचा एक शिष्य कुंदगोळचा रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. पुण्यातला सवाई तुम्हाला माहीत आहेच. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी आपल्या या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. त्या गुरूंचे गुरू म्हणजे आपले खाँसाहेब. आपल्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात गायला शिकवलं होतं, असं सांगतात. टिपू त्याचं नाव.

घरात मात्र सूर जुळले नाहीत. १९२२ मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, वडिलांचं नाव मागे पडलं. खाँसाहेबांवर लिहिताना ताराबाईंना दोन ओळींत उरकायची पद्धत आहे, ती काही बरी नव्हे. कारण त्याच घरातून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे पुढे आले. हिराबाई तर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी. बापाचं नाव पुसलं, गळ्यातला किराणा कसा पुसणार?

१९३० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या तबकड्या आज फुकट ऐकता येतात. भैरवीतली ठुमरी, झिंझोटीतली ठुमरी. खरखर सहन करा आणि ऐकाच. पण एका तबकडीच्या एका बाजूला मावायचं जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तासभर फुलणारी आलापी त्यात कशी बसणार? समोर बसलेल्यांना जे मिळालं, त्याचा तो नुसता वास.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं. तंबोरा लावायला सांगून ते दरबारी रागात प्रार्थना गायले आणि तिथेच गेले, असं सांगतात. तारीख २७. त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

तिथेच, उरुसात, त्यांच्या नावाने संगीत सभा भरते. मोठमोठे कलाकार मानधन न घेता येतात, हजेरी लावतात. ऐकणाऱ्यालाही तिकीट नाही. दोस्तांना घेऊन जा, लवकर जा, जमिनीवर मांडी घालून बसा. ताल कळत नसला, तरी चालतं. शेजारी एखादे आजोबा मांडीवर बोटं मोजत बसलेले असतील. समेला त्यांचा हात कुठे पडतो, तेवढं बघत राहा.