मतपेटी नव्हती तेव्हा शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडकेंनी बंदूक उचलली

पळस्पे फाटा म्हटलं की आपल्याला आठवतं ते ट्रॅफिक. पण मे १८७९ मध्ये याच पळस्प्यात मोठा दरोडा पडला होता. त्यामागचं डोकं होतं जवळच्याच शिरढोणचं. वासुदेव बळवंत फडके.

जन्म १८४५ चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि नातू पुण्यात त्यांच्याच लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही, शेवटची भेट हुकली. हा किस्सा सगळे सांगतात. पण नुसत्या रजेसाठी कुणी बंड करत नाही. १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी फिरून पाहिला होता. माणसं भुकेनं मरत होती आणि सारा चुकत नव्हता.

आता तक्रार करायची कुठे? मुंबईच्या कायदेमंडळात तेव्हा लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता, सगळे सरकारने नेमलेले. सार्वजनिक सभा अर्ज करायची, निर्णय सरकारचाच.

फडक्यांनी रामोशी, कोळी, मांग समाजातली माणसं जमवली. पुण्यातल्या शिकलेल्यांनी फारशी साथ दिली नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीपासून सुरुवात झाली. सावकार लुटायचे आणि त्या पैशातून फौज उभी करायची, असा बेत. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्याच डोक्यावर इनाम लावलं. म्हणजे तुमचं सरकार आम्ही सरकारच मानत नाही!

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सोबतच्या अनेकांना राज्यापेक्षा लुटीत रस होता, ही खंत फडक्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आणि खरं सांगायचं तर, पळस्प्यात ज्याचं घर फुटलं त्याला बंड आणि दरोडा यातला फरक कोण समजावणार? ती कोकणची मोहीम दौलतराव नाईकांनी केली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव मारले गेले. तिथून बंडाचा कणाच मोडला.

जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगीला फडके पकडले गेले. खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले सार्वजनिक काका, म्हणजे अर्जविनंत्यांचा मार्ग धरणाऱ्या सार्वजनिक सभेचेच गणेश वासुदेव जोशी. शिक्षा झाली जन्मठेपेची, रवानगी एडनला.

ते तिथे असतानाच, १८८२ मध्ये, लॉर्ड रिपनने स्थानिक संस्थांत निवडून आलेले सदस्य हवेत असा ठराव काढला. मत अर्थात मोजक्यांनाच.

एडनच्या कैदेतून फडके एकदा कोठडीचं दार उखडून पळाले, पण लगेच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३७.